आक्रमक खेळायचंय, पण कसं? टेबल टेनिसमधली आपली शैली ठरवण्याची पद्धत

क्लबमध्ये कुणालाही विचारा, "तुझा गेम कसला?" बहुतेकांचं उत्तर येतं, "अटॅकिंग." एवढ्यावर काहीच कळत नाही. बॉल उसळी घेत असतानाच टेबलाला चिकटून मारणारा सत्यन ज्ञानशेखरन आक्रमक, जागा मिळाली की ताकदीनं फोरहँड ओढणारा शरत कमल आक्रमक, आणि बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावून आधी समोरच्याची लय मोडणारी व मग मारणारी मनिका बत्राही आक्रमकच. पण या तिघा भारतीय खेळाडूंची उभं राहण्याची जागा, सर्व्हिस, रबर आणि सराव यांत सारखं फार थोडं आहे.

शैली ठरवायची म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तुम्ही बॉल कधी गाठता: उसळताना, सर्वांत उंच असताना की खाली येताना? समोरच्याला आधीच माहीत असूनही तुमचा कोणता फटका पॉइंट काढतो? आणि हे सगळं पाचव्या गेमपर्यंत करायला पाय साथ देतात का? आवडता खेळाडू आणि महागडी बॅट यांचा नंबर त्यानंतर लागतो. व्यवहारात नेमका उलटा क्रम चालतो आणि तिथेच वर्ष-दोन वर्षं वाया जातात.

हा लेख ज्यांना फोरहँड-बॅकहँडची साधी रॅली, पुश (बॉल खालून कापत ढकलणं) आणि कटवर, म्हणजे उलट्या फिरकीच्या बॉलवर, उचललेला टॉपस्पिन (पुढे फिरत जाणारा बॉल) येतो त्यांच्यासाठी आहे. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत शैलीची घाई करू नये. हात आखूड असल्यामुळे ती आपसूक टेबलाजवळ खेळतात, त्यावरून ती पुढेही जवळच खेळतील असा अर्थ निघत नाही. त्यांना दोन्ही बाजू, पाय आणि सर्व्हिस शिकवावी.

आधी मोजा

एक पार्टनर, वीसेक बॉल, एक मोबाइल आणि जमिनीवर चिकटवायची टेप एवढं सामान पुरतं. मोजणी दोन-तीन दिवसांत विभागून करा. थकलेल्या अवस्थेतली मोजणी एकच आहे, बाकीच्या ताज्या अंगानं करायच्या.

पहिली मोजणी अंतराची. टेबलाच्या शेवटच्या कडेपासून मागे ५० सेंमी, १ मीटर आणि १.५ मीटरवर टेपचे पट्टे लावा. मोबाइल बाजूला तीनेक मीटर लांब स्टुलावर ठेवा, म्हणजे टेबलाची कड आणि तुमचे पाय दोन्ही दिसतील. मग सरावाची रॅली न खेळता पाच गेमची खरीखुरी मॅच खेळा. नंतर व्हिडिओत फक्त पाच किंवा जास्त फटक्यांच्या रॅली बघा आणि पाचव्या फटक्याला पुढचा पाय कुठल्या पट्ट्याजवळ आहे ते लिहा. बहुतेक वेळा पहिल्या पट्ट्याच्या आसपास असाल तर तुम्ही जवळचे खेळाडू. एक ते दीड मीटरवर असाल तर मधल्या अंतराचे.

इथे एक फसगत होते. काही जण मागे जातात ते तिथे बरं वाटतं म्हणून, तर काही जण वेगाला घाबरून. ओळखायचं कसं? मागे गेल्यावर पूर्ण हात फिरवून टॉपस्पिन निघत असेल तर ती तुमची जागा. मागे जाऊन नुसता बॉल परत ढकलला जात असेल किंवा लॉब (उंच टोलवलेला बॉल) होत असेल, तर ती माघार आहे. अशा खेळाडूला मागे राहायला नव्हे, जवळ राहून ब्लॉक करायला, म्हणजे नुसती बॅट धरून वेगाचा बॉल परतवायला, शिकावं लागतं.

दुसरी मोजणी कटचा बॉल उचलण्याची. पार्टनरनं फोरहँडला २० आणि बॅकहँडला २० लांब, जड कटचे बॉल द्यायचे आणि तुमचा टॉपस्पिन ब्लॉक करायचा. दोन आकडे लिहा: किती टेबलावर पडले, आणि त्यातले किती पार्टनरला झेपले नाहीत, म्हणजे ब्लॉक बाहेर गेला, नेटमध्ये गेला किंवा उंच उडाला. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. वीसपैकी १६ पडले आणि सगळे आरामात परत आले, तर ती नुसती सुरुवात आहे, शस्त्र नाही. वीसपैकी ९च पडले पण त्यातले ६ जड गेले, तर शस्त्र तिथे आहे. सरावानं नऊचे चौदा होतात, बिनधारेच्या सोळांना धार आणणं जास्त कठीण.

तिसरी मोजणी पायांची. फाल्कनबर्ग नावाची कसरत प्रशिक्षकांना ठाऊक असते: पार्टनर दोन बॉल तुमच्या बॅकहँड कोपऱ्यात देतो आणि तिसरा फोरहँड कोपऱ्यात. तुम्ही पहिला बॅकहँडनं, दुसरा त्याच कोपऱ्यात वळून फोरहँडनं आणि तिसरा पळत जाऊन फोरहँडनं मारायचा. एक मिनिट कसरत, एक मिनिट विश्रांती, असे चार फेरे. प्रत्येक फेरीत न चुकता किती पूर्ण चक्रं झाली ते लिहा. चौथ्या फेरीचा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला, तर फोरहँडवर उभा असलेला खेळ सध्या तुमच्यासाठी नाही. सध्या म्हणायचं कारण, पाय तयार करता येतात. पण ते तयार होईपर्यंत मॅच थांबत नाहीत.

चौथी मोजणी ब्लॉकची: पार्टनर सतत टॉपस्पिन करतो आणि तुम्ही टेबलाजवळून सलग किती ब्लॉक करता, ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं. आठच्या पुढे सहज जाणाऱ्याला टेबलाजवळचा खेळ खुला असतो. तीन-चारलाच तुटत असेल तर कोणतीही आक्रमक शैली घ्या, आधी हे दुरुस्त करावं लागेल, कारण हल्ला चढवणाऱ्यावरही अर्ध्या रॅलीत हल्ला होतोच.

पाचवी मोजणी वहीतली, आणि कंटाळवाणी असली तरी सगळ्यांत खरी. चार मॅचमध्ये तिसऱ्या माणसाला बसवून प्रत्येक पॉइंटला दोनच गोष्टी लिहून घ्या: पहिला हल्ला कुणी आणि कोणत्या बाजूनं केला, आणि पॉइंट कुणाला मिळाला. "माझा फोरहँड जबरदस्त आहे" म्हणणाऱ्या अनेकांच्या वहीत असं दिसतं की फोरहँडनं हल्ला चढवलेले जेमतेम निम्मे पॉइंट जिंकलेत आणि खरी कमाई बॅकहँड काउंटरवर (हल्ल्याला उलट हल्ल्यानं उत्तर) आहे. फोरहँडचा एक सुंदर फटका लक्षात राहतो, बॅकहँडचे सहा साधे पॉइंट कुणी मोजत नाही.

हॉल किती मोठा आहे?

हा प्रश्न शैलीच्या चर्चेत कुणी काढत नाही, पण काढायला हवा. आंतरराष्ट्रीय नियमांत खेळायची जागा किमान १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद असते. टेबल २.७४ मीटरचं, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेपाच मीटरच्या आसपास जागा उरते. आपल्याकडे सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा ऑफिसच्या हॉलमध्ये टेबलामागे भिंतीपर्यंत दीड-दोन मीटर मिळाले तरी नशीब. तुमचा रोजचा सराव अशा जागी असेल तर मधल्या अंतरावरचा टॉपस्पिन कितीही आवडो, हात पूर्ण मागे नेण्याची सवयच लागणार नाही. मग दोन मार्ग उरतात: टेबलाजवळची शैली निवडायची, किंवा आठवड्यातून निदान दोनदा मोठ्या हॉलमध्ये जायचं.

चार शैली, आणि त्या कुणाला मानवतात

दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन ही आजची मुख्य शैली. याला कारण बॉल आहे. २००० मध्ये बॉल ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लॅस्टिकचा आला. प्रत्येक वेळी वेग आणि फिरकी थोडी कमी झाली. एका फटक्यात रॅली संपवणं अवघड झालं, त्यामुळे बॅकहँड लपवून जगण्याचे दिवसही गेले. दुसऱ्या मोजणीत दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखे असतील (समजा १३ आणि ११), अंतर एक मीटरच्या आसपास असेल आणि हात लांब असतील, तर इकडे या.

या शैलीचा कमकुवत भाग ठरलेला आहे: मिडल. बॅट धरलेल्या हाताच्या कोपराजवळ आलेला बॉल फोरहँडनं घ्यावा की बॅकहँडनं, या विचारात क्षण जातो. दोन्ही बाजू बरोबरीच्या असतील तर गोंधळ जास्त. नियम एकच करून ठेवा: टेबलाजवळ असताना मिडलचा बॉल बॅकहँडनं, एक मीटर मागे असताना फोरहँडनं. हा नियम प्रत्येक वेळी उत्तम ठरेल असं नाही, पण विचार करण्याचा वेळ वाचतो. सरावात पार्टनरला मुद्दाम दर तिसरा बॉल कोपराकडे द्यायला सांगा.

फोरहँडप्रधान शैलीत टेबलाचा दोन तृतीयांश भाग फोरहँडनं झाकायचा असतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कोरियाच्या र्यू सुंग-मिननं चीनच्या वांग हाओला याच खेळानं हरवलं. पेनहोल्ड, म्हणजे पेन धरल्यासारखी पकड आणि बॅकहँड कोपऱ्यातही धावत जाऊन फोरहँड. चीनचा डावखुरा श्यू शिन त्याच परंपरेतला. बघायला याहून देखणा खेळ नाही. पण नव्या बॉलवर, तोही शेकहँड (हस्तांदोलनासारख्या) पकडीत, शुद्ध स्वरूपात ही शैली निवडणं फार थोड्यांना परवडतं. तुमची फाल्कनबर्गची चौथी फेरी पहिलीच्या जवळपास असेल, फोरहँडच्या २० पैकी पार्टनरला जड गेलेले बॉल बॅकहँडच्या दुप्पट असतील आणि वय-गुडघे साथ देत असतील, तरच. आणि तरीही बॅकहँडचा एक भरवशाचा ब्लॉक आणि कटवरचा साधा टॉपस्पिन हवाच.

इथे नेहमी एकाच जागी माती खाल्ली जाते. बॅकहँड कोपऱ्यात वळून फोरहँड मारला की खेळाडू मारलेला बॉल बघत उभा राहतो, आणि समोरचा सरळ रेषेत ब्लॉक करून रिकामा फोरहँड कोपरा गाठतो. पाय हळू आहेत असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात दिशा चुकलेली असते. वळून मारताना पहिली पसंती समोरच्याच्या मिडलला द्या. तिथून त्याला टोकाचे कोन मिळत नाहीत. क्रॉस (तिरका) मारायचा असेल तर इतका रुंद मारा की त्याला ताणून घ्यावा लागेल. अर्धवट क्रॉस हा सर्वांत महाग फटका.

टेबलाजवळचा वेगवान खेळ म्हणजे बॉल वर येतानाच गाठून समोरच्याचा वेळ हिरावून घेणं. जपानचा तोमोकाझू हारिमोतो पोरवयातच मोठमोठ्यांना हरवू लागला तो याच जोरावर, विशेषतः बॅकहँडच्या. यात हाताचा झोका लहान, मनगट आणि पुढचा हात जास्त. फटक्याची ताकद कमी असली तरी चालते, कारण समोरच्याचाच वेग वापरायचा असतो. चाळिशीनंतरच्या खेळाडूंना, लहान हॉलमध्ये खेळणाऱ्यांना आणि चौथ्या मोजणीत दहा-बारा ब्लॉक सहज करणाऱ्यांना हीच शैली पहिल्यांदा तपासून बघावी. लोक हिला कमी लेखतात, कारण फटका डोळ्यांत भरत नाही.

अट एक आहे: मागे सरकायचं नाही. अर्धा मीटर मागे गेलं की लहान झोक्याचा फटका जीव नसलेला होतो, आणि मोठा फटका तयार नसतो. दुसरी अडचण जड, हळू, उंच टॉपस्पिनची. वेगवान बॉलवर ब्लॉक आपोआप जातो, पण हळू आणि भरपूर फिरकीचा बॉल टेबलावर पडून अचानक उडी घेतो आणि ब्लॉक बाहेर जातो. त्यावर बॅट जास्त झाकायची (चेहरा टेबलाकडे झुकवायचा), बॉल उडी पूर्ण करायच्या आत गाठायचा आणि हात किंचित पुढे-खाली द्यायचा. नुसता कोन बदलून भागत नाही, उशीर झाला की कोणताही कोन चुकीचाच.

राहिली पिंपल्सची शैली, आणि तीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. शॉर्ट पिंपल्स (आखूड दाण्यांची रबरं) मारण्यासाठी असतात. येणाऱ्या फिरकीचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो आणि बॉल सपाट, थोडा बुडत जातो. १९९६ चा ऑलिंपिक विजेता ल्यू ग्वोल्यांग त्यांवर खेळला आणि जपानची मिमा इतो बॅकहँडला तेच वापरते. कटचा जड बॉल उचलून फिरवणं त्यावर कठीण, पण त्याच बॉलला सर्वांत उंच जागी गाठून ठोकता येतं. ज्यांचा बॅकहँड टॉपस्पिन वीसपैकी पाच-सहावर अडकलाय पण काउंटर उत्तम आहे, त्यांनी हा पर्याय जरूर बघावा. लाँग पिंपल्स आणि अँटीस्पिन (फिरकी न धरणारं गुळगुळीत रबर) हे बॉल बिघडवण्यासाठी: टॉपस्पिन ब्लॉक केला की बॉल कट होऊन जातो, कट ढकलला की जवळपास फिरकीशिवाय किंवा हलक्या टॉपस्पिननं. समोरचा गोंधळून बॉल उंच देतो आणि फोरहँडनं पॉइंट संपवायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या ऐहिका मुखर्जीनं तेव्हाच्या अव्वल मानांकित, चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हा तिच्या बॅकहँडला अँटीस्पिनच होतं.

क्लब पातळीवर या रबरांनी झटपट विजय मिळतात आणि तिथेच फसायला होतं. फोरहँडचा हल्ला तयार नसेल तर वर्षभरात सगळे तुमचा बॉल ओळखायला लागतात, आणि मग हातात फक्त ब्लॉक उरतो. लाँग पिंपल्स घेणाऱ्यानं सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ फोरहँडवर घालवावा. उलटं वाटेल, पण या शैलीत पॉइंट तिथूनच मिळतात.

कटवर फटका उघडणं: सगळ्यांना लागणारी गोष्ट

शैली कोणतीही ठरो, पहिला हल्ला बहुधा कटच्या बॉलवरच होतो, म्हणून हे जवळून बघू. उजव्या हाताचा फोरहँड धरा. डावा पाय थोडा पुढे, गुडघे वाकलेले, वजन उजव्या पायावर. बॅट मागे नेताना खालीही न्यायची, जवळपास गुडघ्याच्या उंचीला. जड कटसाठी बॅटचा चेहरा उभाच, फार झाकलेला नाही. बॉल सर्वांत उंच जागी किंवा तिथून जेमतेम खाली येताना गाठायचा, समोरून न ठोकता मागच्या बाजूला घासत वर-पुढे जायचं. हात कपाळाच्या उंचीला थांबावा. वजन डाव्या पायावर आलेलं असावं.

बॉल सारखा नेटमध्ये जातोय? बहुतेक वेळा गुडघे वाकलेले नसतात, फक्त हात खाली गेलेला असतो. दुसरं कारण, टॉपस्पिनच्या रॅलीतला झाकलेला कोन तसाच ठेवलेला असतो. बॉल बाहेर जात असेल तर घासण्याऐवजी ठोकणं चाललंय, किंवा बॉल कटचा नव्हताच. हे शेवटचं फार होतं. समोरच्यानं त्याच हालचालीनं फिरकी नसलेला बॉल दिला आणि तुम्ही पूर्ण ताकदीनं वर उचललात. त्याच्या बॅटनं बॉलला कुठे स्पर्श केला तिकडे बघा, हात किती जोरात फिरला तिकडे नाही. शिवाय कटचा बॉल टेबलावर पडल्यावर थोडा अडखळतो, बिनफिरकीचा पुढे येतो.

बॅकहँडला बॅट दोन मांड्यांच्या मधे खाली, मनगट पोटाकडे वळलेलं, कोपर शरीरापासून थोडं पुढे. कोपर बरगडीला चिकटलं की मनगटाला जागाच उरत नाही. ताकद गुडघे सरळ होण्यातून आणि मनगट उघडण्यातून येते, खांद्यातून नाही.

सर्व्हिस आणि तिसरा बॉल

आक्रमक शैली म्हणजे प्रत्यक्षात सर्व्हिस आणि परताव्यावरचा तुमचा पुढचा फटका (तिसरा बॉल) यांची जोडी. तीन जोड्या पक्क्या करा, पंधरा नको. नियमाप्रमाणे उघड्या तळव्यावरून बॉल किमान १६ सेंमी वर फेकायचा आणि तो लपवायचा नाही, एवढं सरावातही पाळा. नाहीतर पंचांसमोर सगळी लय बिघडते.

टॉपस्पिनवाल्यांसाठी: मिडलला हाफ लाँग कट सर्व्हिस, म्हणजे सोडून दिली तर दुसरा टप्पा समोरच्या कडेवर किंवा जेमतेम पलीकडे पडेल अशी. तिच्यावर आखूड परतावा देणं अवघड आणि जोरात मारणंही धोक्याचं, त्यामुळे बहुतेक जण लांब पुश करतात. तोच तुमचा बॉल. चाचणी सोपी: समोर कुणी नसताना दहा सर्व्हिस करा आणि दुसरा टप्पा कुठे पडतो बघा. कडेच्या आत हातभर पडत असेल तर ती आखूड आहे आणि परतावाही आखूड येऊ शकेल.

वळून मारणाऱ्यांसाठी: बॅकहँड बाजूनं आखूड कट, समोरच्याच्या बॅकहँडला किंवा मिडलला. परतावा बहुधा तुमच्या बॅकहँड कोपऱ्यात येतो. दर चौथी-पाचवी सर्व्हिस त्याच हालचालीनं फिरकीशिवाय. ती उंच पुश होऊन येते आणि सरळ ठोकता येते. फोरहँडला आखूड सर्व्हिस मधूनमधूनच, कारण तिथून समोरच्याला दोन्ही बाजूंचे कोन खुले होतात.

टेबलाजवळच्या खेळाडूचं मुख्य हत्यार लांब आणि वेगवान सर्व्हिस. पहिला टप्पा तुमच्या स्वतःच्या कडेपासून १५ सेंमीच्या आत पडला पाहिजे, बॉल नेटवरून जेमतेम जावा आणि समोरच्याच्या बॅकहँडच्या अगदी कोपऱ्यात किंवा कोपराकडे पडावा. परतावा वेगानं येतो आणि तुम्हाला तेच हवंय. पहिला टप्पा मधे पडला की सर्व्हिस उंच आणि मऊ होते. मग काय होतं ते सांगायला नको.

पिंपल्सवाल्यांनी शक्य तितका जड कट द्यावा. पुशही जड कटनं परत येतो आणि पिंपल्सनं ढकलला की हलका होऊन जातो. त्यावर समोरच्याचा पुढचा पुश उंच उडतो.

रिसिव्ह

आक्रमक खेळाडू सर्वांत जास्त पॉइंट इथे घालवतात, कारण सराव सगळा स्वतःच्या सर्व्हिसवर होतो. आखूड कटवर तीनच परतावे लागतात: आखूड टच, कडेपर्यंत खोल जाणारा जलद पुश आणि फ्लिक (टेबलावरच मनगटानं मारलेला छोटा हल्ला). टचसाठी बॉल पडल्या पडल्या, वर येतानाच गाठायचा आणि हात सैल ठेवायचा. उशीर झाला की बॉल लांब जातोच. बॅकहँडचा बनाना फ्लिक, ज्याला चिकिता म्हणतात, चीनच्या झांग जिकेनंतर सगळीकडे पसरला. उजवा पाय टेबलाखाली, कोपर वर आणि पुढे, मनगट आत वळवून बॉल सर्वांत उंच असताना त्याच्या मागून डाव्या बाजूला घासत न्यायचा. दोन्ही बाजूंच्या टॉपस्पिनवाल्यांनी हा शिकावाच. फोरहँडप्रधान खेळाडू मात्र तो वापरल्यावर स्वतः टेबलात अडकतो आणि पुढचा फोरहँड उशिरा निघतो, म्हणून त्यांना खोल पुश आणि मग काउंटर टॉपस्पिन जास्त फळतो.

बॅट सगळ्यांत शेवटी

पहिल्या वर्षभराच्या शैलीसाठी पाच प्लायचं (पाच थरांचं), निव्वळ लाकडी ब्लेड (रबराखालची फळी) पुरतं, ८५ ते ९० ग्रॅमचं. कार्बनचे थर असलेलं नंतर. दोन्ही रबरांसह बॅट १७० ते १८५ ग्रॅममध्ये असावी. जास्त जड झाली की बॅकहँडला हात उशिरा पोचतो, आणि हे मॅचच्या शेवटीच जाणवतं. नियमानं गुळगुळीत रबर स्पंज आणि गोंदासकट ४ मिलिमीटरपेक्षा जाड नसावं.

टॉपस्पिनवाल्यांनी १.९ ते २.१ मिमी स्पंज घ्यावा, टेबलाजवळच्यांनी दोन्ही बाजूंना १.८ ते २.०. यासाका मार्क व्ही किंवा बटरफ्लाय स्रिव्हरसारखी जुनी, मध्यम वेगाची रबरं यासाठी आजही वाईट नाहीत. महागडी टेन्शन (ताणलेली, जास्त वेगाची) रबरं हात पक्का नसेल तर चूक लपवतात आणि ब्लॉक बिघडवतात. डीएचएस हरिकेनसारखं चिकट, कडक चिनी रबर फोरहँडला लावायचं असेल तर कंबर आणि पाय वापरून मारणारे असाल तरच. नुसत्या हातानं त्यातून बॉल निघत नाही आणि खांदा दुखतो. शॉर्ट पिंपल्सला १.५ ते २.० स्पंज. लाँग पिंपल्स टेबलाजवळ ब्लॉकसाठी हवे असतील तर स्पंजशिवाय किंवा १ मिमीच्या आत.

आणि एका वेळी एकच वस्तू बदला. ब्लेड आणि दोन्ही रबरं एकदम बदलली तर बिघाड कशानं झाला ते कधीच कळणार नाही.

दहा आठवडे

शैली ठरली की निदान दहा आठवडे ती बदलायची नाही. आठवड्याला तीन दिवस, दीड तास धरला तर एका दिवसाची वाटणी अशी करता येते: १० मिनिटं साधी रॅली, २० मिनिटं पायांची कसरत (तुमच्या शैलीतलीच, म्हणजे जवळच्या खेळाडूनं लांब पळायची नाही), ३० मिनिटं सर्व्हिस आणि तिसरा बॉल, १५ मिनिटं रिसिव्ह, उरलेला वेळ ९-९ पासून सुरू होणारे छोटे गेम. नऊ-नऊला माणूस ज्या फटक्याकडे वळतो तोच त्याचा खरा फटका असतो, त्यामुळे शैली कागदावर आहे की अंगात उतरली ते इथे दिसतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निकाल खालावतात. आधी ज्यांना हरवत होता त्यांच्याशी हराल. नेमकं तेव्हाच बॅट बदलायची किंवा जुन्या पुश-पुश खेळाकडे वळायची इच्छा होते. या काळात मॅचचा निकाल न बघता एकच गोष्ट मोजा: मिळालेल्या लांब कटच्या बॉलपैकी कितींवर तुम्ही हल्ला केला. दहापैकी सातांवर करत असाल तर गाडी रुळावर आहे, फटके चुकत असले तरी.

दहा आठवड्यांनी दुसरी आणि पाचवी मोजणी पुन्हा करा. सुधारणा नसेल तर अख्खी शैली टाकून देऊ नका, एक गोष्ट हलवा: अंतर अर्ध्या फुटानं कमी करा, किंवा मुख्य सर्व्हिस बदला, किंवा पहिला हल्ला फोरहँडऐवजी बॅकहँडकडे द्या. पुन्हा चार आठवडे.

मुंबई, कोकण, गोव्याकडच्यांनी कॅलेंडरही बघावं. जून ते सप्टेंबरमध्ये हॉल बंदिस्त नसेल तर रबरावर ओल धरते, बॉल बॅटवरून घसरतो आणि टॉपस्पिन नेटमध्ये किंवा सरळ बाहेर जातो. चिकट रबरांना हा त्रास सर्वांत जास्त, शॉर्ट पिंपल्सना कमी. कोरडा सुती रुमाल जवळ ठेवा, दर सहा पॉइंटला मिळणाऱ्या टॉवेलच्या वेळेत बॅट आणि बॉल दोन्ही पुसा, खेळ संपल्यावर रबरावर प्लॅस्टिकची फिल्म लावून बॅट कव्हरमध्ये ठेवा. भर पावसातल्या दमट दिवशी केलेली मोजणी मात्र धरू नका, ती कोरड्या दिवशी पुन्हा करा.